दासीच्या पोराने जाळलेल्या पोथ्या: अ‍ॅझ्टेकांच्या पहिल्या राजांचा घोळ

ओसरी (धागाकर्ता)

भाचा मेक्सिकोहून आला, येताना खिशातली चिल्लर तशीच घेऊन आला. त्यातलं दहा पेसोचं एक नाणं तीन आठवडे माझ्या टेबलावर पडून आहे. त्यावर फड्या निवडुंगावर बसलेला गरुड आहे, चोचीत साप. हा गरुड कुठला, एवढंच बघायला म्हणून बसलो आणि आता रोज रात्री जेवण झालं की तेच चालू असतं. घरच्यांनी हात टेकलेत. म्हणून इथे ओततो.

अ‍ॅझ्टेक म्हटलं की आपल्याला स्पॅनिश सेनानी कोर्तेस आणि राजा शेवटचा मोक्तेसुमा आठवतो, म्हणजे १५१९ ते १५२१. मला त्यांच्याविषयी बोलायचं नाही. माझा प्रश्न पहिल्या चारपाच राजांचा आहे.

आधी नावाचा उलगडा. हे लोक स्वतःला मेशिका म्हणवत. अ‍ॅझ्टेक म्हणजे 'आस्त्लानचे', त्यांच्या दंतकथेतल्या मूळ गावाचे. हे नाव त्यांना नंतरच्या अभ्यासकांनी चिकटवलं. मेशिका उत्तरेकडून भटकत मेक्सिकोच्या खोऱ्यात उतरले तेव्हा फार उशीर झाला होता. तेश्कोको सरोवराच्या काठची सगळी चांगली जमीन आधीच्यांनी वाटून घेतलेली. त्यांनी चापुल्तेपेक टेकडीवर बस्तान बसवलं. आजूबाजूच्या राज्यांनी एकजूट करून त्यांना तिथून हुसकावलं. त्यांचा म्होरक्या वित्सिलीवित्ल (थोरला, याच नावाचा राजा पुढे येतो) पकडून कुल्वाकानला नेला आणि तिथे मारला.

उरलेल्यांनी त्याच कुल्वाकानच्या राजापुढे पदर पसरला. त्याने त्यांना तिसापान नावाची जागा दिली. सगळा लाव्ह्याचा खडक, पावलोपावली विषारी साप. देतानाच हिशोब असा की हे तिथे आपोआप संपतील. काही दिवसांनी किती जिवंत आहेत ते बघायला राजाने माणसं पाठवली. त्यांनी काय पाहिलं? घरं बांधलेली, पिकं उभी, आणि चुलींवर साप भाजायला ठेवलेले. साप संपत आले होते, मेशिका नव्हते!

मग कुल्वाकानने त्यांना भाडोत्री सैनिक म्हणून शोचिमिल्कोवर सोडलं. कैदी ओढून आणण्यापेक्षा यांनी शत्रूचे कान कापले आणि पोतं भरून दरबारात ओतलं. त्यानंतरची गोष्ट वाचताना मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं. त्यांनी राजाची मुलगी मागितली, आमची देवी करतो म्हणाले. राजाला वाटलं, मान आहे. पुढे सोहळ्याचं आमंत्रण आलं. देवळात अंधार. राजाने धुपाटण्यात कोपल (त्यांचा धूप) टाकला, ज्वाळा उठली, आणि त्या उजेडात त्याला दिसलं की समोरच्या पुजाऱ्याने अंगावर जे पांघरलंय ते त्याच्या मुलीचं कातडं आहे.

कुल्वाकानने त्यांना मारत मारत सरोवराच्या लव्हाळ्यात ढकललं. तिथल्या दलदलीच्या बेटावर त्यांना तो गरुड दिसला म्हणतात. साल १३२५, गाव तेनोच्तित्लान. तेव्हाचा म्होरक्या तेनोच.

आता माझा मुद्दा. पुढे सुमारे पन्नास वर्षं यांना राजा नव्हता. मग राजा हवा झाला. आणि आणला कुठून? कुल्वाकानहून! ज्यांची पोर सोलली त्यांच्याकडेच गेले आणि म्हणाले, तुमच्या रक्ताचा एक माणूस आम्हाला द्या. अकामापिच्त्ली, म्हणजे 'मूठभर बोरू'. बाप ओपोच्त्ली हा मेशिका, आई आतोतोश्त्ली ही कुल्वाकानची राजकन्या. हे कशासाठी? कुल्वाकानचं घराणं स्वतःला जुन्या तोल्तेकांचे वंशज म्हणवत असे आणि त्या खोऱ्यात तोल्तेक रक्ताशिवाय गादीला मान नव्हता. यांच्याकडे हातपाय होते, हिंमत होती, कुळी नव्हती. थोडक्यात, राजा दत्तक घेतला म्हणा ना.

त्याची राणी इलान्क्वेइत्लही कुलीन घराण्यातली. तिला मूल झालं नाही. मग तेनोच्तित्लानच्या कल्पुल्लींच्या (आपण पेठ म्हणू) प्रमुखांनी आपापल्या मुली राजाला दिल्या. म्हणजे एका पिढीत सगळं गाव राजाची सासुरवाडी झालं आणि पुढच्या पिढीत आजोळ. पुढच्या सगळ्या सरदार-उमरावांचं मूळ इथलं. त्याला आणखी एक मुलगा झाला, आस्कापोत्साल्कोच्या एका दासीपासून. ती भाजी विकायची असंही एके ठिकाणी आहे. त्या पोराचं नाव इत्स्कोआत्ल. लक्षात ठेवा.

हे राज्य होतं मात्र मांडलिक. बेट आस्कापोत्साल्कोच्या तेपानेक लोकांच्या हद्दीत, आणि तिथला राजा तेसोसोमोक म्हणजे पन्नासेक वर्षं गादीला चिकटलेला पक्का मुरब्बी म्हातारा. अकामापिच्त्लीच्या नावावरचे विजयही खरं तर तेपानेकांसाठी लढून मिळवलेले. खंडणीची एक गोष्ट दुरान या पाद्र्याने सांगितलीय. तेसोसोमोकने फर्मान काढलं: तरंगतं शेत आणा, त्यावर मका, मिरची, घेवडा, भोपळा, राजगिरा उगवलेला हवा. आणलं. मग म्हणाला, आता शेतावर अंड्यांवर बसलेली बदकीण आणि बगळी हवी, आणि इथे पोचता पोचता पिल्लांनी कवच फोडायला हवं. तेही आणलं म्हणे.

मुलगा वित्सिलीवित्ल (१३९०च्या दशकात गादीवर) बापापेक्षा चतुर. त्याने तेसोसोमोकची मुलगीच केली. नातू झाल्यावर आजोबा विरघळले आणि खंडणी दोन बदकं, थोडे मासे-बेडूक एवढ्यावर आली. दुसरी बायको त्याने दक्षिणेच्या क्वाउनावाकची आणली, तिच्या माहेरच्या मुलखात कापूस पिकायचा. त्यामुळे घायपाताच्या खरखरीत धाग्यातले लोक सुती वस्त्रात आले. हे मला लढायांपेक्षा मोठं वाटतं. तिसरा चिमालपोपोका, तेसोसोमोकचा तो नातू. कोवळ्या वयात गादी, दहाएक वर्षं, वाईट शेवट.

१४२६ मध्ये तेसोसोमोक मेला. त्याचा मुलगा माश्त्ला याने भावाला बाजूला सारून सत्ता बळकावली. चिमालपोपोकाही मेला. मेशिकांनी निवडला तो दासीपुत्र इत्स्कोआत्ल. त्याने पुतण्या त्लाकाएलेल आणि तेश्कोको शहराचा परागंदा राजपुत्र नेसावालकोयोत्ल यांना हाताशी धरून १४२८ मध्ये आस्कापोत्साल्को पाडलं. तेनोच्तित्लान, तेश्कोको आणि त्लाकोपान या तीन शहरांची युती झाली. लुटीचे पाच वाटे: दोन, दोन आणि एक.

आणि मग त्याने जुन्या चित्रपोथ्या जाळल्या. कारण असं नोंदलंय की सगळ्यांना हे कळायची गरज नाही, राज्य बिघडेल, आणि त्यात खोटं फार आहे.

मग मी वर जे सगळं लिहिलं, ते कुणी लिहून ठेवलेलं? साप, कान, मुलगी, गरुड, दत्तक राजा हे सगळं त्या होळीनंतरचं. म्हणजे घराण्याचा मूळपुरुष अकामापिच्त्ली की इत्स्कोआत्ल? माझं मत इत्स्कोआत्ल. बोला.

---

खारीबटर

लेख आवडला, पण नावं वाचताना दात पडायची वेळ आली. 'वित्सिलीवित्ल' तीनदा म्हणून पाहिलं, शेजारच्या टेबलवाल्याने पाणी आणून दिलं.

---

ओसरी

शेवटचा 'त्ल' हा त्यांचा एकच आवाज आहे. जीभ 'त'च्या जागी ठेवून बाजूंनी हवा सोडायची. स्पॅनिश लोकांनाही झेपला नाही, म्हणून 'तोमात्ल'चा टोमॅटो झाला. अर्थ कळले की नावं सोपी जातात. चिमालपोपोका म्हणजे धुमसती ढाल, इत्स्कोआत्ल म्हणजे काचदगडाचा सर्प (ज्वालामुखीतून निघते ती काळी काच), वित्सिलीवित्ल म्हणजे हमिंगबर्डचं पीस. चित्रपोथीत नाव लिहीत नाहीत, काढतात: राजाच्या डोक्यामागे एक बारीक रेघ आणि तिच्या टोकाला धूर सोडणारी ढाल. पाठीवर पातीच पाती असलेला साप दिसला की इत्स्कोआत्ल.

---

मुक्काम मेहिको

दोन वर्षं नोकरीनिमित्त मेक्सिको सिटीत आहे, त्यामुळे हा धागा पाहून उडीच मारली. इथल्या मेट्रोत प्रत्येक स्टेशनला एक चित्र आहे, वाचता न येणाऱ्यालाही उतरता यावं म्हणून. चापुल्तेपेकला नाकतोडा, कारण नावाचा अर्थच नाकतोड्यांची टेकडी. आस्कापोत्साल्कोला मुंगी, म्हणजे वारुळाचं ठिकाण. ज्या आस्कापोत्साल्कोपुढे हे लोक तरंगती शेतं घेऊन जायचे, ते आता शहराचा एक भाग आहे. मुंगी दिसली की उतरायचं.

होळीचं म्हणाल, तर एक गोष्ट इत्स्कोआत्लला जाळता आली नाही. मुख्य देवळाचं उत्खनन भर शहरात आहे, कॅथेड्रलच्या बाजूला. १९७८ मध्ये वीज कंपनीच्या कामगारांना खोदताना मोठी कोरीव शिळा लागली, तिथून सुरू झालं. ते देऊळ कांद्यासारखं आहे. जुनं तसंच ठेवून त्यावर नवं चढवत गेले, असे सात थर. स्पॅनिशांनी वरचे पाडले, आतला वाचला. दुसऱ्या थराचा माथा आज उघडा दिसतो: दोन गाभारे शेजारी शेजारी, पर्जन्यदेव त्लालोकच्या बाजूला अर्धवट रेललेला रंगीत चाकमोल (दगडी पुतळा), कुलदैवत वित्सिलोपोच्त्लीच्या बाजूला बळी द्यायचा उभा दगड. रंग अजून शाबूत आहेत, लाल-निळे. तिथे '२ ससा' हे साल कोरलेलं आहे, ते १३९० धरतात. म्हणजे अकामापिच्त्लीच्या अखेरीचं किंवा त्याच्या मुलाच्या सुरुवातीचं. पहिला थर त्याखाली आहे, पण खाली पाणी लागतं म्हणून खोदता येत नाही.

मी तिथे पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा ते गाभारे केवढे लहान आहेत हेच डोक्यात राहिलं. पुढे जे राक्षसी देऊळ झालं त्याच्या पोटात हे एवढंसं.

---

गणिती गण्या

सालांबद्दल मला बोलू द्या, नाहीतर झोप येणार नाही.

त्यांचं वर्षचक्र ५२ वर्षांचं. आकडे १ ते १३ आणि चार चिन्हं: ससा, बोरू, गारगोटी, घर. दोन्ही एकदमच पुढे सरकतात. १ ससा, २ बोरू, ३ गारगोटी, ४ घर, ५ ससा… ५२ वर्षांनी गाडी पुन्हा १ ससावर. आपल्या प्रभव-विभव संवत्सरांसारखंच, आपलं चक्र ६०चं. आणि अडचणही तीच. नुसतं 'प्रभव संवत्सर' म्हटलं तर कुठलं ते शक जोडल्याशिवाय कळत नाही. 'मुक्काम मेहिको' म्हणतात तो '२ ससा' नुसत्या गणिताने १३३८, १३९० किंवा १४४२ काहीही निघतो. थर बघून १३९० ठरवलंय.

आता मजा बघा. तेनोच्तित्लानची स्थापना '२ घर', १३२५. ऑक्सफर्डला असलेल्या मेंदोसा पोथीत (१५४१च्या सुमाराची) पहिल्याच चित्राभोवती वर्षांच्या निळ्या चौकटी आहेत, त्या तेनोचच्या कारकिर्दीच्या. किती? ५१. त्यानंतरचं वर्ष येतं '१ गारगोटी', १३७६, आणि तिथे अकामापिच्त्ली गादीवर येतो. त्यात ५२ मिळवा: १४२८. पुन्हा '१ गारगोटी', आस्कापोत्साल्को पडलं. १३७६ मधून चार चक्रं वजा करा: ११६८. एका परंपरेप्रमाणे आस्त्लान सोडलं ते वर्ष. चिन्ह? '१ गारगोटी'. आणि कुलदैवत वित्सिलोपोच्त्लीचा जन्मदिवसही '१ गारगोटी'.

प्रत्येक मोठी घटना मुहूर्तावरच कशी घडते? ओसरी, तुमच्या बाजूने मत. कुणीतरी मागाहून बसून पंचांग जुळवलंय.

---

बोरूबहाद्दर

थोडं थांबा. धागा एकाच दिशेने वाहवत चाललाय.

पोथ्या जाळल्याची बातमी आली कुठून? सहागुन या फ्रान्सिस्कन साधूने जुन्याजाणत्यांना विचारून मेशिकांच्या नाहुआत्ल भाषेत जो प्रचंड ग्रंथ करून घेतला, त्याच्या दहाव्या खंडातून. त्याला माहिती देणारे बरेच जण त्लातेलोल्कोचे. त्लातेलोल्को म्हणजे त्याच बेटावर उत्तरेला असलेलं मेशिकांचंच जुळं शहर. त्यांचा पहिला राजा तर थेट तेसोसोमोकचा मुलगा होता. १४७३ मध्ये तेनोच्तित्लानच्या राजा आशायाकात्लने हे शहर जिंकून त्यांचं राज्य संपवलं. अशा भाऊबंदांनी शंभरेक वर्षांनी सांगितलं की "त्यांनी पोथ्या जाळल्या", तर ते जपून घ्यावं.

दुसरं, इत्स्कोआत्लचा हात पोचत होता तो त्याच्या शहरापुरता. तेश्कोको, चाल्को, कुआउतित्लान इथले इतिहास वेगळे राहिले. म्हणून तर आज आपल्याला एकाच घटनेच्या पाच-पाच कहाण्या मिळतात. तेनोच्तित्लानच्या परंपरेत १४२८चा नायक त्लाकाएलेल. तेश्कोकोच्या परंपरेत त्याचं नाव औषधालाही नाही, तिथे सगळं नेसावालकोयोत्लने केलं. पोथ्या जळून एकच कहाणी उरली असती तर हा गोंधळ झालाच नसता.

मला खटकतो तो वेगळा दस्तऐवज. दुरानने सांगितलेला करार. युद्धाच्या आधी सामान्य लोक घाबरले, म्हणाले तेपानेकांना शरण जाऊ. तेव्हा सरदार म्हणाले: हरलो तर आमचं मांस फुटक्या, घाणेरड्या मडक्यांत शिजवून खा. लोक म्हणाले: आणि जिंकलात तर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तुमची सेवा करू, तुमची घरं बांधू, तुमची ओझी वाहू. इतका सोयीचा करार मी आयुष्यात पाहिलेला नाही. ज्यांच्या डोक्यावर ओझी होती त्यांना "तुमच्या आज्यानेच सही केलीय" असं सांगायला हा किस्सा रचलेला दिसतो. पोथी जाळण्यापेक्षा अशी नवी पोथी लिहिणं जास्त धोक्याचं.

---

ओसरी

बोरूबहाद्दर, त्लातेलोल्कोचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. मान्य. पण कराराबद्दल तुम्ही म्हणता तेच माझं म्हणणं आहे की! १४२८ नंतर जमिनी वाटल्या त्या सरदारांना, पेठांच्या वाट्याला अगदी थोडी आली. त्या वाटपासाठी कागद हवा होता.

---

सरळसोट

नरबळी देणाऱ्यांचं एवढं कौतुक कशाला चाललंय कळत नाही. मुलीचं कातडं काढणारे लोक. स्पॅनिश आले ते बरंच झालं.

---

मुक्काम मेहिको

कौतुक कुणी केलंय? शेवटच्या वाक्याबद्दल एवढंच की स्पॅनिशांबरोबर आलेल्या देवीच्या साथीने १५२० मध्ये जे मेले त्यांत मोक्तेसुमानंतर गादीवर आलेला कुइत्लावाकही होता. सुमारे ऐंशी दिवस राज्य केलं त्याने. त्या रोगाने बळी देणारा आणि बळी जाणारा असा भेद केला नाही.

---

सांजसावली

सगळे बाप-मुलगा-नातू मोजताय. मी आया मोजल्या.

अकामापिच्त्लीला गादीचा हक्क कुणाकडून? आईकडून, आतोतोश्त्ली. राणी इलान्क्वेइत्लबद्दल पोथ्यांचं एकमत नाही. कुठे ती त्याची बायको, कुठे त्याला वाढवणारी आई, कुठे मावशी-आत्यासारखी. पण काहीही असली तरी त्याला गादीवर आणणारी तीच. चिमालपोपोकाचं वजन आईच्या माहेरामुळे, आणि त्याच माहेरामुळे तो संपला.

आता पुढे या. इत्स्कोआत्लनंतर १४४० मध्ये आला थोरला मोक्तेसुमा, वित्सिलीवित्लचा मुलगा, तो क्वाउनावाकच्या राजकन्येचा. त्याला एक मुलगी होती. तिचं नाव काय असेल? आतोतोश्त्ली! तिचं लग्न इत्स्कोआत्लच्या मुलाशी झालं आणि तिची तीन मुलं एकामागून एक राजे झाली: आशायाकात्ल, तिसोक, आवित्सोत्ल. म्हणजे दासीच्या घराण्याची आणि राणीच्या घराण्याची गाठ हिच्यात बसली. एकदोन जुन्या नोंदी तर म्हणतात की बापानंतर काही काळ राज्य तिनेच चालवलं. नंतरच्या अधिकृत यादीत ती नाही.

गण्याला तारखांची पुनरावृत्ती खटकली, मला नावांची खटकते. घराणं सुरू होतं तिथे एक आतोतोश्त्ली, घराणं नव्याने जुळतं तिथे दुसरी. काही अभ्यासक म्हणतात की ही खरी बाईच नव्हे, कथेतली जागा आहे: राज्य सुरू करायचं तर वरच्या कुळातली एक स्त्री लागते, आणि ती तिथे बसवली जाते. मला ते अर्धंच पटतं. दुसरीचे मुलगे हाडामांसाचे होते. राजांची बारसं पंचांग बघून झाली असतील, पण बाळंतपणं काही पंचांग बघून होत नाहीत.

---

खारीबटर

"मी आया मोजल्या." बास. धाग्याचं शीर्षक बदला.

तो क्वाउनावाकच्या राजकन्येचा किस्सा कुणी सांगणार का?

---

सांजसावली

तिचा बाप म्हणे मोठा मांत्रिक. मुलीभोवती विंचू, साप, वटवाघळं यांचा पहारा. वित्सिलीवित्लने मागणी घातली तर बाप म्हणाला, "तो तिला घालणार काय? लव्हाळी? खायला काय घालणार, पाण्यातले किडे?" मग वित्सिलीवित्लने आत रत्न ठेवलेला एक रंगीत बाण भिंतीवरून तिच्या अंगणात सोडला. तिने तो मोडला, रत्न सापडलं, दाताखाली धरून बघायला गेली आणि गिळलं. दिवस गेले. पोटात जो होता तो थोरला मोक्तेसुमा, आणि त्याचं टोपणनाव इल्विकामिना, 'आकाशात बाण मारणारा'. पोथीत त्याची खूणही तीच, आभाळाच्या पट्ट्यात घुसलेला बाण. मला बापाचे टोमणे जास्त खरे वाटतात. त्यात तेव्हाच्या मेशिकांची खरी पत कळते.

---

कट्टेकर

उशिरा पोचलो. चिमालपोपोकाला मारलं कुणी? धागाकर्त्याने "वाईट शेवट" म्हणून पळ काढलाय.

---

ओसरी

पळ काढला कारण जबान्या जुळत नाहीत.

एक: माश्त्लाने त्याला लाकडी पिंजऱ्यात कोंडलं आणि त्याने तिथेच पट्ट्याने गळफास घेतला. दोन: आस्कापोत्साल्कोचे मारेकरी रात्री वाड्यात शिरले आणि त्याला झोपेत मारलं. कारण म्हणून पाण्याचा तंटा सांगतात. चिमालपोपोकाने चापुल्तेपेकच्या झऱ्याचं गोडं पाणी मागितलं, आजोबांनी दिलं. मग पाट बांधायला दगड, लाकूड, माणसंही तुम्हीच द्या म्हणाला, तेव्हा तेपानेक दरबाराचं माथं भडकलं. तीन: काम त्लाकोपानच्या माणसांनी केलं, आणि सुपारी तेनोच्तित्लानमधूनच, खुद्द इत्स्कोआत्लची.

---

कट्टेकर

आणि वर्षभरात युतीत तिसरं नाव कुणाचं? त्लाकोपानचं. पाचातला एक वाटा कुणाला? त्लाकोपानला. मी कोर्टात कारकून आहे, एवढं पुरे झालं मला.

---

बोरूबहाद्दर

त्लाकोपान तेपानेकच होतं आणि त्यांनी ऐन युद्धात आस्कापोत्साल्कोची साथ सोडली, त्याचा वाटा मिळाला असं साधंही उत्तर आहे. आणि ही तिसरी जबानी कुणाच्या पोथीतली तेही बघा. पण हेतू होता हे मान्य करतो. चिमालपोपोका राहता तर गादी तेसोसोमोकच्या नातवंडांकडे गेली असती. भाजीवालीच्या पोराकडे कधीच नाही.

ओसरींच्या मूळ प्रश्नाबद्दल: मेंदोसा पोथीत अकामापिच्त्लीचं चित्र दोनदा येतं. एकदा राजाखालच्या अधिकाऱ्याच्या पदाची खूण घेऊन, सिवाकोआत्ल, म्हणजे 'सर्पस्त्री', आणि मग त्लातोआनी म्हणून. त्लातोआनी म्हणजे 'बोलणारा', राजासाठी त्यांचा शब्द. म्हणजे तो आला तेव्हा राजा नव्हताच, कारभारी होता. इत्स्कोआत्लला घराणं शून्यातून रचायचं असतं तर त्याने स्वतःच्या बापाला असं खालून वर चढताना कशाला दाखवलं असतं? मला वाटतं तो माणूस खरा आहे आणि इथे त्याची खरी आठवण उरलीय.

---

ओसरी

यावर माझ्याकडे उत्तर नाही. विचार करतो.

---

दुपारचा चहा

अवांतर: खंडणीच्या शेतात राजगिरा वाचून चमकले. तो आपला उपासाचाच का?

---

मुक्काम मेहिको

तोच, मूळ इथलाच. ते राजगिऱ्याच्या पिठात घायपाताचा गोड पाक मळून देवाच्या मूर्ती करत आणि सणाला मोडून प्रसादासारख्या वाटून खात. वित्सिलोपोच्त्लीची सुद्धा. पाद्र्यांना त्यात ख्रिस्ती प्रसादाची नक्कल दिसली आणि ते पिसाळले. आज इथे रस्त्यावर फुलवलेल्या राजगिऱ्याची पाकातली वडी मिळते, 'आलेग्रिया' म्हणतात, म्हणजे आनंद. पहिला घास खाल्ला आणि डोळे मिटले तर आईच्या एकादशीच्या डब्यात होतो. दसऱ्याचा झेंडूही इथलाच आहे. नाहुआत्लमध्ये त्याला 'वीस-फूल' म्हणतात.

---

ओसरी

दुपारचा चहा, मी तर आता उपासाच्या दिवशी वित्सिलोपोच्त्ली खातोय असंच वाटणार.

बोरूबहाद्दरांच्या मुद्द्यावर दोन दिवस घालवले. अकामापिच्त्ली खरा, हे मानतो. पण थोरल्या मोक्तेसुमाच्या काळातली एक गोष्ट सांगतो, दुरानचीच. राज्य वैभवात आल्यावर त्याला वाटलं की पूर्वजांचं गाव शोधावं. त्याने पन्नास मांत्रिक नजराणे देऊन आस्त्लानला पाठवले. तिथे देवाची आई अजून जिवंत होती म्हणे. एक म्हातारा त्यांना टेकडीवर घेऊन निघाला. टेकडी भुसभुशीत वाळूची. म्हातारा तुरुतुरु वर चढला, हे गुडघ्यापर्यंत रुतले, मग कमरेपर्यंत. म्हातारा वरून म्हणाला, "खाता काय रे तुम्ही तिकडे?" हे म्हणाले, चॉकलेट पितो. म्हातारा म्हणाला, "म्हणूनच. त्यानेच जड झालात."

ही दरबारात सांगितलेली गोष्ट आहे, राजाच्या तोंडावर. पोथ्या जाळून तीस वर्षंही झाली नसतील.

---

गणिती गण्या

मांत्रिक पन्नास नाहीत, साठ.

---

ओसरी

बरोबर, साठ. चूक माझी. आणि आणखी एक: मेंदोसा पोथीतल्या गरुडाच्या चोचीत साप नाही, काहीच नाही. एका दगडी शिल्पात चोचीपाशी पाणी आणि आगीचं युद्धचिन्ह आहे, वळणावळणाचं, तेच पुढे कुणाला साप वाटलं असावं असं काही अभ्यासक म्हणतात. नाण्यावर मात्र तो पक्का धरून आहे.